एकावन्नावं जनावर

कोंबडी ती कोंबडी. काळी असो, पांढरी असो, मानेवर पीस नसलेली असो, कोंबडीच. पशुवैद्यकीय दवाखान्यात मी एकतीस वर्षं व्रणोपचारक होतो. म्हणजे सुई डॉक्टर टोचायचे आणि जनावर मी धरायचो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि लाथा खायच्या, हे माझं काम. तेव्हा कोंबडीच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. पण आमच्या खाजणवाडीत दत्तप्रसादने जे प्राणीसंग्रहालय काढलं, त्याच्या फाटकावरच्या फळ्यावर कोंबडी सात वेळा मोजली होती. गावठी एक, कडकनाथ दोन, गिरिराज तीन, आणि असं करत करत सातवा कोंबडा, तो वेगळा.

दत्तप्रसाद आमच्याच वाडीतला. मुंबईला जाऊन इमारती बांधून गबर झाला आणि खाडीकाठची आपली जमीन बघून त्याला सुचलं की तारकर्लीला येणारे पर्यटक समुद्र बघून कंटाळतात, त्यांना जनावरं दाखवू. नाव ठेवलं 'एकावन्न प्राणीविश्व'. शुभ आकडा. फळा आधी रंगवला, जनावरं मागाहून मोजली. तिथेच सगळं गणित फसलं.

उद्घाटनाच्या महिनाभर आधी त्याने मला बोलावलं. "काका, जनावरांवर जरा नजर ठेवा, तुमच्यासारखा जाणकार गावात नाही." गोड बोलला की माणूस फसतो, मीही गेलो. बघतो तर काय, सशांच्या तीन जाती: पांढरा, करडा, लोंबत्या कानांचा. लव्हबर्ड रंगावर मोजलेले, हिरवे, निळे, पिवळे. कुत्रे चार, शेळ्या तीन, एक पर्शियन मांजर, एक घोडा, दोन एमू, टर्की, पांढरे उंदीर, काचेच्या टाकीतले मासे. आणि वाडीतल्या रुक्मिणीवहिनीची म्हैस, तिच्यासमोर पाटी, 'भारतीय पाणम्हैस'. ती म्हैस सकाळी घरी दूध देऊन दहाच्या ठोक्याला प्राणीसंग्रहालयात हजर.

"अरे दत्तप्रसादा," मी म्हटलं, "ह्या सगळ्या मिळून पंधरा-सोळा जाती झाल्या. एकावन्न खंय आसत?"

"काका, लोकांका काय कळता? तेंका आकडो व्हयो." मग बोटं मोजत म्हणाला, "तुमच्या हिशेबानं सोळा असतील. माझ्या हिशेबानं पन्नास झाले. एकच कमी पडतोय."

हा एकच कमी पडतोय, हे त्याने वाडीत प्रत्येकाला सांगितलं. मला सांगितलं, रुक्मिणीवहिनीला सांगितलं, आणि माझ्या धाकट्या भावाला, बाबूलाही सांगितलं.

बाबू आणि मी एकाच खळ्यात, म्हणजे एकाच अंगणात राहतो, समोरासमोर दोन घरं. शेती आहे, थोडे काजू आहेत, आणि बाबू खाडीत जाळंही टाकतो. मी जितका तोंडाळ, तितका तो मुका. आयुष्यात त्याने मोठ्याने म्हटलेली गोष्ट एकच, ती म्हणजे 'व्हय म्हाराजा'. त्याचं असं आहे की गावात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. नवी होडी पाण्यात उतरवायची असो, विहीर खणायची असो, हातात नारळ धरून गावच्या देवाला साकडं आमच्या घराने घालायचं. थोरला म्हणून मी बोलतो, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला जमलेला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. त्यात पहिला आवाज बाबूचा. बाबू म्हणाला की मागून सगळे म्हणतात. गाऱ्हाण्यात खोटं बोलायचं नाही आणि व्हय म्हटलेलं मागे घ्यायचं नाही, एवढं आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

तर एका सकाळी बाबू हाताला फडकं गुंडाळून माझ्याकडे आला. हात सुजला होता.

"काय झाला रे?"

"शिंगाळ्याचो काटो लागलो, दादा."

मी फडकं सोडलं, जखम पोटॅशच्या पाण्याने धुतली. माशाचा काटा एक भोक पाडतो. इथे चार होती, वर दोन, खाली दोन, बारीक आणि खोल. एकतीस वर्षांत मला कुत्र्या-मांजरापासून माकडापर्यंत सगळे चावलेत. दात काय नि काटा काय, मला कळतं. पण मी पट्टी बांधली आणि गप्प बसलो. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी इतरांवर ओरडेन तेव्हा तुम्ही म्हणू नका की स्वतःचं लपवलं.

त्याच दुपारी प्राणीसंग्रहालयात गेलो तर कोपऱ्यात नवी सिमेंटची टाकी, वर जाळी, आणि पाटी: 'अमेरिकन मिंक'. आत हुदाचं पिल्लू.

हुद म्हणजे पाणमांजर. आमच्या खाडीत त्यांचं एक कुटुंब आहे, आम्ही लहान होतो तेव्हापासून आहे. जाळ्यातले मासे पळवतात म्हणून लोक त्यांना शिव्या घालतात, पण त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. भरतीच्या वेळी पोहत येतात, एकमेकांना शीळ घालतात. ह्या पिल्लाला अजून नीट मासा धरताही येत नव्हता. टाकीत ढोपरभर पाणी, पुढ्यात उकडलेलं अंडं आणि कुत्र्याची बिस्किटं. ते सिमेंटच्या भिंतीला नखं लावून वर चढायचं आणि खाली पडायचं, पुन्हा चढायचं. पायांची कातडी सोलून निघाली होती.

"ह्यां खंयसून हाडलंस?" मी विचारलं.

"विकत घेतलंय. परदेशी आहे, कागद आहेत." दत्तप्रसाद माझ्याकडे न बघताच बोलला.

"अमेरिकेतलां होय? आणि मगे तेच्या अंगाक आमच्या खाजणातलो चिखल कसो लागलो?"

तो हसला. असा राग आला की टाकीतलं पाणी उचलून त्याच्या डोक्यावर ओतावं. तेवढ्यात तिकिटाच्या खिडकीत लक्ष गेलं. तिथे नवं टेबल, नवी खुर्ची, आणि खुर्चीवर तेजस्वी. बाबूची मुलगी. दोन वर्षं कणकवलीला खेपा घालून तिला नोकरी मिळाली नव्हती. आता मिळाली होती, एकावन्नावं जनावर मिळालं त्याच दिवशी.

त्या दिवसापासून मी बाबूशी बोलणं सोडलं. तोही समजला. खळ्यात समोरासमोर यायचो आणि दोघंही जमिनीकडे बघत निघून जायचो.

आणि त्याच संध्याकाळपासून त्या पिल्लाची आई यायला लागली. दत्तप्रसादच्या कुंपणाखालीच खाडी. दिवेलागणीच्या वेळी ती तिथे काठाला यायची आणि शीळ घालायची. लांब, बारीक, एकसारखी. आतून पिल्लू उत्तर द्यायचं. अख्ख्या वाडीला ऐकू जायचं, आमच्या पडवीत तर अगदी स्पष्ट. लोक काय करायचे? टीव्हीचा आवाज वाढवायचे. रुक्मिणीवहिनी म्हणाली, "कसलोतरी पक्षी आसतलो." साठ वर्षं ह्या खाडीवर काढलेली बाई, तिला हुदाची शीळ ठाऊक नाही म्हणे. म्हैस कामाला लावली होती ना. कुणाचा मुलगा तिथे माळी, कुणाची रिक्षा पर्यटक आणायला ठरलेली, कुणाच्या घरचे सोलकढीचे ग्लास तिथे विकले जाणार. गावाच्या कानात एका महिन्यात बोळे बसले. शिरा पडली त्या कमाईवर, आग लागो तिला.

मी कणकवलीला वनखात्याच्या कचेरीत गेलो. तिथे अजय नावाचे वनपाल, तरुण, बोलायला सरळ. दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेले. दत्तप्रसादने कुठल्याशा दुकानाची पावती पुढे केली, तीवर मिंक लिहिलेलं.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "काका, मलाही हे पाणमांजरच वाटतंय. पण समोर कागद आहे. आता फोटो आणि नमुना बाहेर तपासायला पाठवणार, अहवालाला दोन-तीन महिने लागतील."

"साहेब, ते पिल्लू दोन आठवडे काढणार नाही. पाय कुजायला लागलेत. मी मलम लावतोय, पण ते सिमेंटवरच चालतंय."

"मग इथल्या खाडीतून पकडलं असं सांगणारा एक माणूस द्या. स्वतः पाहिलेला. जबाब लिहून घेतो आणि त्याच दिवशी पिल्लू उचलतो."

माणूस माझ्या घरासमोर राहत होता. माझ्या आईच्या पोटचा. मी एवढंच म्हटलं, "बघतो."

घरी येऊन यशोदेला सांगितलं. यशोदा म्हणजे माझी बायको. ती तांदूळ निवडत होती, सूप बाजूला ठेवलं. "अवो, तुमी नाव घेतल्यात तर बाबूभावोजींक पोलीस नेतले. चेडवाची नोकरी जातली. सख्खो भाऊस आसा तुमचो."

"आणि तां पिल्लू मेला तर?"

बाहेर शीळ सुरू झाली होती. यशोदेने सूप पुन्हा हातात घेतलं, पण तांदूळ काही निवडले नाहीत. मग म्हणाली, "माझ्यान ह्यां ऐकवत नाय."

उद्घाटनाला चार दिवस उरले असताना दत्तप्रसाद घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा. "काका, गाऱ्हाणं तुमचं. मान तुमच्या घराचा आहे, दुसऱ्या कुणाला सांगून चालणार नाही. वनखात्याचे साहेबही येणार आहेत, मी स्वतः आमंत्रण दिलंय." वनखात्याचा माणूस मांडवात बसला की लोकांची तोंडं आपोआप बंद, हा त्याचा हिशेब. गाऱ्हाणं म्हणजे त्याच्या लेखी फीत कापण्याआधीचा एक कार्यक्रम, चहापानासारखा. मुंबईत जाऊन माणूस काय काय विसरतो बघा. बिल्डिंगचे कायदे पाठ, आणि गावच्या गाऱ्हाण्यात काय होऊ शकतं ते विसरला.

"येतलंय," मी म्हटलं. पेढे तेवढे परत दिले.

उद्घाटनाच्या सकाळी मी आधी टाकीकडे गेलो. पिल्लू चढत नव्हतं. कोपऱ्यात अंगाची गुंडाळी करून पडलं होतं, पुढ्यातलं अंडं तसंच. मी जाळीतून हात घातला तर त्याने चावायलाही तोंड उघडलं नाही. चावणारं जनावर चावायचं थांबलं की समजावं, आता थोडंच उरलं. त्या क्षणी माझं ठरलं.

मांडव भरला होता. गाव तर होताच, वर मालवणचे पाहुणे, हॉटेलवाले, फोन उंच धरलेली पोरं. पहिल्या रांगेत दत्तप्रसाद आणि बाजूला अजय साहेब. बाबू नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या हाताला, दोन पावलं मागे. एकवीस दिवसांत इतक्या जवळ आम्ही आलो नव्हतो. त्याच्या हातावरचे चार डाग अजून लाल होते.

मी नारळ हातात घेतला, विडा पुढे ठेवला आणि सुरू केलं.

"बा देवा, गावरखवाल्या, बारा-पाचाच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आधी बाबू, मागून गाव.

"आज ह्या तुझ्या लेकरान, दत्तप्रसादान, हय जनावरांचो पसारो मांडलो हा. येणाऱ्या-जाणाऱ्यांचां बरां कर."

"व्हय म्हाराजा."

"पिंजऱ्यातल्या मुक्या जिवांक खाणां-पिणां वेळेर मिळू दी."

"व्हय म्हाराजा." दत्तप्रसादही हात जोडून म्हणत होता. अजय साहेबांचेही हात जोडलेले, ओठ हलत होते.

मी नारळ घट्ट धरला.

"आणि म्हाराजा, हय एक जनावर असां आसा, जेची आवस आज एकवीस दिस खाडयेच्या काठार शीळ घालता. ती शीळ ह्या गावातल्या धाकल्या-थोरल्या सगळ्यांनी ऐकली हा."

"व्हय म्हाराजा."

सवय म्हणजे सवय. अख्खा गाव म्हणून बसला. रुक्मिणीवहिनीचा आवाज तर सगळ्यांत वर. म्हटल्यावर मग लोकांच्या लक्षात आलं की आपण काय म्हटलं. मांडवात चुळबुळ झाली. दत्तप्रसादचे हात जोडलेलेच होते, पण चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

"म्हाराजा, तां जनावर अमेरिकेतलां न्हय. तां आमच्या खाडयेतल्या हुदाचां पिल्लू. आमच्याच घरातल्या हातान तां जाळ्यातसून काढून हय आणून दिला. त्या हाताक चार दात लागले. ते मी माझ्या हातान धुतले आणि तोंड बंद ठेवलंय. चूक आमच्या घराची झाली. आमका काय ती शिक्षा कर, पण पिल्लाक तेच्या आवशीकडे पोचव."

कोण म्हणणार? कुणीच नाही. फोन धरलेली पोरंसुद्धा हलेनात. गाऱ्हाण्याला उत्तर आलं नाही, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मागे वळून बघायची मला हिंमत नव्हती.

मग मागून आवाज आला. एकटाच.

"व्हय म्हाराजा."

बाबूचा. मोठ्याने. त्याने आपला उजवा हात पुढे केला होता, तळवा खाली, डाग सगळ्यांना दिसतील असा. तिकिटाच्या खिडकीतून तेजस्वी बापाकडे बघत उभी होती. ती म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग यशोदा. मग रुक्मिणीवहिनी, मान खाली घालून. मग इकडून तिकडून दोन, चार, दहा. पहिल्या रांगेत अजय साहेब उठून उभे राहिले. इतके दिवस माझ्याशी कचेरीतली मराठी बोलणारा तो माणूस, त्यानेही हात जोडून तेच म्हटलं.

दत्तप्रसाद ताडकन उठला. "साहेब, गाऱ्हाणं म्हणजे काय पंचनामा?"

"पंचनामा मी करतो," ते म्हणाले. "पंच इथेच उभे आहेत." मग माझ्याकडे वळले. "मी वैभववाडीचो, काका. गाऱ्हाणां अर्धां ठेवू नकात. नारळ फोडा."

मी नारळ फोडला. पिल्लू अर्ध्या तासात टाकीतून बाहेर आलं.

पुढचं सांगताना मात्र माझं डोकं अजून तापतं. गुन्ह्याच्या कागदावर पहिलं नाव बाबूचं आणि दुसरं दत्तप्रसादचं. का, तर पकडलं बाबूने. दत्तप्रसादला कणकवलीचा वकील, वर मुंबईच्या इस्पितळाचा दाखला की तो आजारी आहे. बाबूला मी. दर तारखेला आम्ही दोघं एसटीने जातो. तो आत जातो, मी बाहेर बाकावर बसून जो भेटेल त्याला ऐकवतो. तेजस्वीने त्याच दिवशी तिकिटांचा गठ्ठा टेबलावर ठेवून खिडकी सोडली, आणि गावात दोन शहाणे निघालेच म्हणायला, की गणपतने, म्हणजे मी, भावाच्या पोरीच्या पोटावर पाय दिला. आणि फळा? फळा तसाच आहे. एकावन्न. टाकीत आता बदकं सोडली आहेत.

पण पिल्लाचं सांगतो. डॉक्टरांनी त्याचे पाय बघितले, मी मलम लावलं, कचेरीत चार दिवस त्याला जिवंत मासे खायला घातले. तिसऱ्या दिवशी ते मला कडकडून चावलं. इतका आनंद मला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नव्हता. मग कोर्टाचा हुकूम हातात आला आणि भरतीची वेळ बघून आम्ही खाडीत निघालो. होडी बाबूची. वल्हं बाबूच्या हातात, पेटी माझ्या मांडीवर, पुढे अजय साहेब. बाबू आणि मी अजूनही एकमेकांशी बोलत नव्हतो. म्हणजे मी बोलत नव्हतो. चूक दोघांची, पण माझा हट्ट मोठा.

खाजणाच्या तोंडाशी बाबूने होडी थांबवली. "हय," एवढंच म्हणाला. ह्याच जागी त्याचं जाळं होतं. मी पेटी काठाला टेकवून दार उघडलं. पिल्लू बाहेर येईना. साहेबांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. मला वाटलं, उशीर झाला. आईने नाद सोडला असेल. चार दिवस आमच्या पडवीत शीळ ऐकू आली नव्हती.

मग पलीकडच्या झाडीतून ती आली. लांब, बारीक, एकसारखी. पिल्लाने डोकं बाहेर काढलं, उत्तर दिलं आणि पाण्यात घुसलं. थोड्या वेळाने पलीकडे दोन डोकी वर आली, एक मोठं, एक लहान. दिसली आणि गेली.

साहेब डोळे पुसत होते, मीही पुसले. बाबूने वल्हं उचललं नाही. तो पलीकडच्या रिकाम्या पाण्याकडे बघत बसला होता. पंचवीस दिवस झाले होते. मला त्याला एकच गोष्ट विचारायची होती, ती विचारली.

"बाबू, त्या दिवशी मांडवात तू व्हय म्हणालंस. तां सवयीन काय रे?"

त्याने वल्हं पाण्यात घातलं, होडी घराकडे वळवली.

"पयल्या चार वेळेक सवयीन, दादा," तो म्हणाला. "शेवटच्या वेळेक न्हय."